राखाडी कोटाचं अस्तर

६ जानेवारी, सोमवार. दुपार

काजबाई,

तुझा राखाडी कोट आज माझ्या टेबलावर आला. पिशवीतून अर्धा बाहेर आला तेवढ्यातच मी ओळखला. पाच काजं, पाचही हाताने घातलेली, टोकाला तुझी ती बारीक गाठ. असं काज माझ्या पाहण्यात दुसऱ्या कुणी घातलेलं नाही. गिऱ्हाइकं तुला काजबाई आणि मला हेमबाई म्हणायची ती काही उगाच नाही.

"सासूबाईंचा आहे," आणणारी म्हणाली. म्हणजे ही तुझी सून. मुलाचं लग्न झालं ते कानावर आलं होतं. बोलावणं नव्हतंच, आणि कशाला असेल? मुलगी बरी आहे. बोलताना मोबाइल बघते. मी कोण, हे तिला अजिबात ठाऊक नाही.

"बाजूंनी आत घ्यायचाय. वजन उतरलंय त्यांचं. वय झालं ना."

तिने तुझी मापं चिठ्ठीवर लिहून आणली होती. जुनी मापं मला पाठ आहेत, चोवीस वर्षं एका टेबलाला बसलो आपण. वजाबाकी केली. छातीत चार इंच.

चाळीस वर्षं मी लोकांचे कपडे आत घेते, बाहेर सोडते. वयाने माणूस वाकतो, खांदे उतरतात, एखादा इंच जातो. चार इंच वयाने जात नाहीत गं. मी साळसूदपणे विचारलं, तब्येत कशी आहे म्हणून. खोकला आहे तीन महिने, ती म्हणाली. दिवाळं निघाल्यासारखी ताकद गेलीय. मध्ये पाठीवर नागीण उठली होती, आता तोंड आलंय, गिळवत नाही. "डॉक्टर म्हणतात, या वयात असं चालायचंच."

मी स्टुलावर बसले. ती म्हणाली, "काकू, पाणी देऊ का?" माझ्याच दुकानात मला.

ही यादी माझी आहे, काजबाई. खोकला, नागीण, तोंड येणं, सगळं ओळीने. मलाही तीन डॉक्टरांनी वयच सांगितलं. चौथ्या डॉक्टरीणबाईंनी काही न बोलता रक्ताच्या कागदावर आणखी एका चौकोनात खूण केली.

मला एच.आय.व्ही. आहे. हे बघ, लिहिलं. कपडे गुंडाळून द्यायच्या खाकी कागदावर लिहिलं, कारण चांगल्या कागदावर हात चालेना. काही दिवसांपूर्वी कळलं. रोज एक गोळी घेते, ठीक आहे मी.

आणि मला तो असेल तर तुलाही असेल. कुणामुळे ते तुला सांगायला नको. आपल्या समोरच्या दुकानातले चष्मेवाले जूनमध्ये गेले. निमोनिया, म्हणाले. सत्तरी उलटलेली, म्हणाले. त्यांचंही रक्त कुणी तपासलं नव्हतं.

तुला सांगायला हवं. तुझी तपासणी व्हायला हवी, आणि लवकर, कारण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत गोळ्या सुरू झाल्या तर माणूस म्हातारा होऊन मरतो आणि नाही झाल्या तर याने मरतो. आपण म्हाताऱ्या आहोतच, पण मला काय म्हणायचंय ते तुला समजलं.

थांब, गिऱ्हाईक आलं.

परत आले. एकाच्या पँटची चेन. त्याला उद्या ये म्हटलं. हे पत्र पाठवायचं नाही. हे नुसतं हात मोकळा करायला लिहिलं. चार वर्षांपूर्वी तू गेलीस ती माझी डावी कात्री घेऊन गेलीस. उजव्या हाताच्या बाईला डावखुऱ्या कात्रीचा काय उपयोग? निव्वळ खुन्नस. चार वर्षं मी उजव्या कात्रीने कापते, अंगठ्याला घट्टा पडलाय. हेही तुला कळावं असं वाटायचं मला. आता बघ, सांगायचं कुठलं आणि बोलते कुठलं.

हेमबाई

९ जानेवारी, गुरुवार

काजबाई,

पोस्टाने काही पाठवायची सोय नाही, तुझं टपाल सून उघडते आणि फोनही तीच उचलते, तिच्याच तोंडून कळलं. म्हणून हे कोटाच्या अस्तरात घालते आहे. उजव्या बगलेखाली लाल दोऱ्याने शिवलंय. तू मी घातलेला टाका न तपासता कधी कपडा घेतला नाहीस, त्यामुळे हे तुला सापडणारच. वाचायला भिंग घे.

माझ्या रक्तात एच.आय.व्ही. निघालाय, काही दिवसांपूर्वीच कळलं. आपण दोघी एकाच उशीत टाचण्या खुपसायचो, तोंडात टाचण्या धरायचो, एकमेकींच्या टाचण्या बोटात घुसायच्या. म्हणून तूही तपासून घे. अगदी साधी तपासणी आहे. सुनेला सांगायची गरज नाही. साखर तपासायची म्हणून जा.

कोट चार इंच आत घेतलाय. जास्तीचं कापड कापलं नाही, आत दुमडून ठेवलंय. सून म्हणाली, कापून टाका, आता काही त्या भरणार नाहीत. मी ऐकलं नाही.

हेमबाई

१४ जानेवारी, मंगळवार. सकाळ, दुकान उघडलं नाही अजून

काजबाई,

हेही पाठवणार नाही.

शुक्रवारी सून कोट घेऊन गेली. आज चौथा दिवस. मी काय करते सांगू? दुकानासमोरून बस गेली की उठते. उठून दारात येते, परत जाऊन बसते. काल एका बाईच्या झग्याला डावी बाही उजवीकडे लावली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. बाईने आरशात बघितलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता हीसुद्धा म्हणणार, वय झालं.

टाचण्यांचं मी खोटं लिहिलं.

मी जाते त्या दवाखान्यात समुपदेशन करणारी मुलगी असते, कोवळीच आहे. पहिल्याच दिवशी मी तिला हाच प्रश्न विचारला होता. टाचण्यांची उशी, तोंडातल्या टाचण्या, सगळं करून दाखवलं. ती म्हणाली, "आजी, अशा टाचण्यांनी नाही होत हो." मग मान खाली घालून विचारलं, "गेल्या काही वर्षांत कुणाशी संबंध…?" मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती लाल झाली. मी पण झाले बहुतेक. सहासष्टाव्या वर्षी लाल व्हायचं म्हणजे रक्त असावं लागतं अंगात.

तेव्हा टाचण्या नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी घरी येऊन आपली ती जुनी उशी मी कचऱ्यात टाकली. तुझ्या जुन्या ब्लाउजच्या कापडाची होती. आणि वर तुला लिहिताना त्याच टाचण्या पुढे केल्या, कारण त्या आड आल्या की मधलं माणूस दिसत नाही.

तू पत्र वाचून हसली असशील. नाहीतर घाबरली असशील आणि सुनेच्या कपाटातल्या सगळ्या टाचण्या फेकून दिल्या असशील. पण तपासणीला गेलीस का? एवढंच सांग. नको बोलूस माझ्याशी, एवढंच कळव.

आठला दुकान उघडायचं होतं. साडेनऊ झाले.

२१ जानेवारी, मंगळवार

काजबाई,

कोट परत आला. "बाह्या लांब वाटतात म्हणाल्या," तुझी सून. बाह्या अजिबात लांब नाहीत, मी मापून दिल्या होत्या, आणि माझी मापं चुकत नाहीत हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

मी तिला सहज विचारलं, तुमच्या भागात दुकानं नाहीत का गं, एवढ्या लांब येतेस ते? ती वैतागलेलीच होती. म्हणाली, "आहेत ना, खालीच आहे एक. पण त्यांनी हट्टच धरला. त्या चौकातल्या दुकानातच टाक, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. दोन बस बदलून येते मी काकू."

म्हणजे कोट आपोआप आला नाही. तू पाठवलास. आणि मी मेली इथे बसून समजत होते की मीच तुला शोधून काढलं.

ती गेल्यावर दार लावून घेतलं आणि अस्तर उसवलं. तुझी चिठ्ठी. अक्षर किती वाकडं झालंय तुझं. "टाचण्यांनी होत नाही. औषधवाल्याला विचारलं. खरं लिही."

लिहिते.

चष्मेवाले आधी तुझे होते. हे वाक्य मी चार वर्षं कुणाजवळ बोलले नाही. त्यांच्याजवळही नाही. दर गुरुवारी तू दुकान लवकर सोडायचीस आणि समोरचं चष्म्याचं दुकानही लवकर बंद व्हायचं, हे बघायला भिंग लागत नव्हतं. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. तुझा चेहरा त्या दीड वर्षात उजळला होता. मला राग यायचा. माझा नवरा जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती आणि घरी गेल्यावर माझ्याशी फक्त रेडिओ बोलायचा. हे काही कारण नाही. खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते.

मी त्यांना घरी बोलावलं. त्यांनी मला नाही, मी त्यांना. माझा घरचा चष्मा सैल झालाय, असं सांगितलं मी. तो सैल झालेला नव्हता.

आणि ती पँट. दुकानातल्या स्टुलाच्या खिळ्याला अडकून त्यांच्या पँटची खालची दुमड उसवली होती. माझ्या घरी ते टॉवेल गुंडाळून बसले आणि मी हेम घालून दिला. किती मूर्ख असावं माणसाने! दुसऱ्या दिवशी ते तीच पँट घालून आपल्या दुकानात आले, तुला भेटायला. तुझा खडू खाली पडला. तू वाकलीस. मी डावखुरी, माझा टाका उलटा पडतो, आणि ती पँट दुकानात शिवायला कधी आलीच नव्हती. तू सरळ झालीस, हातातली दोन काजं पुरी केलीस, एकही टाका चुकला नाही. संध्याकाळी कात्री पिशवीत घातलीस आणि गेलीस. मी म्हणू शकले असते, थांब. मी कापड घडी करत राहिले.

आम्ही काळजी घेतली नाही. आता मूलबाळ व्हायचं नव्हतं, तर कसली काळजी? तुम्हीही घेतली नसणार. त्यांना कुठून आला, कधी आला, त्यांना ठाऊक तरी होतं का, देव जाणे. मला त्यांना शिव्या द्यायच्या असतात आणि मग आठवतं की शेवटच्या आठवड्यात ते माझा हात धरून विचारत होते, मला झालंय तरी काय. त्यांना ठाऊक नसावं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, कुणाकडून कुणाला गेला? त्या म्हणाल्या, आता ते सांगता येत नाही, आणि कळून करणार काय. मला कळायला हवं होतं, काजबाई. कुणाच्या तरी माथी मारता आलं असतं.

आता खरं ते.

मला हे काही दिवसांपूर्वी कळलेलं नाही. ऑगस्टमध्ये कळलं. सतरा ऑगस्ट, सकाळी अकराला. त्या मुलीने विचारलं, "आजी, ज्यांच्याकडून आला असेल त्यांचं दुसऱ्या कुणाशी काही होतं का? त्यांना कळवायला हवं. तुमचं नाव आम्ही सांगणार नाही." तिने पेन हातात धरलं होतं. मी म्हटलं, नाही.

नाही म्हटलं, कारण तुझं नाव सांगितलं असतं तर ते आधी तुझे होते हे कागदावर आलं असतं. मेलेल्या माणसावर हक्क सांगायला बसले होते मी. ती म्हणाली, नक्की ना? मी म्हटलं, नक्की.

तेव्हा तुला खोकला नव्हता. सून म्हणाली तीन महिने. म्हणजे माझ्या त्या 'नाही'नंतर दोन महिन्यांनी तो सुरू झाला. नागीणही नंतरच. हे मी रोज बोटांवर मोजते, मशीन चालवताना, भांडी घासताना, आणि दर वेळी तेवढेच महिने निघतात.

ज्या दवाखान्यात मी जाते त्याचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. मंगळवार आणि शनिवार, सकाळी नऊ ते बारा. मी तिथे त्या दिवशी येणार नाही, भिऊ नकोस. तू जा. माझं तोंड बघू नकोस पण जा.

हेमबाई

३ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी दोन

काजबाई,

आत्ता सुनेचा फोन आला होता. दुकानाचा नंबर तिला पावतीवरून मिळाला. म्हणाली, काकू, ते कोटाचं राहू द्या, काही बिल असेल तर सांगा, सासूबाई दवाखान्यात आहेत.

कधीपासून?

तुम्ही कोट दिलात ना चोवीस तारखेला, शुक्रवारी, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. निमोनिया.

निमोनिया! माझ्या हातातून इस्त्री निसटायची राहिली. मी विचारलं, कोट त्यांनी बघितला का? "नाही हो, कुठलं बघतायत. पिशवी तशीच दारामागे टांगली आहे."

दहा दिवस. दहा दिवस माझं खरं दारामागे टांगलेलं आहे आणि तू तिकडे पडली आहेस, आणि मी इथे रुसून बसले होते की तू उत्तर दिलं नाहीस.

फोनवर तोंडाशी आलं होतं. तिला सांगू, तिथल्या डॉक्टरला सांग, ही तपासणी करा. एक वाक्य. पण ते तुझं आहे, माझं नाही. मी ते तुझ्या सुनेच्या हातात कसं देऊ? आणि नाही दिलं आणि उद्या तू… ती म्हणाली, हॅलो, हॅलो. मग मी म्हटलं, भेटायची वेळ काय असते? चार ते सहा. मी म्हटलं, मी त्यांची जुनी मैत्रीण आहे. उद्या येते. येताना तो कोट घेऊन ये, बाहीला एक टाका राहिलाय.

ती म्हणाली, आत्ता कोटाचं काय घेऊन बसलात काकू?

घेऊन ये म्हटलं ना.

आजच चारला निघाले असते. पण कोट तिच्याकडे, ती उद्या येणार. आणि खरं सांगू? कोटाशिवाय यायची माझी छाती नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सव्वापाच, दवाखान्याच्या बाकावर

काजबाई,

तू भिंतीच्या पलीकडे आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. लोकांना वाटत असेल, बाई सामानाची यादी करते आहे.

तू उशीवर एवढीशी दिसलीस. नाकात नळी. मी पायथ्याशी उभी राहिले आणि काय बोलायचं ते सगळं विसरले. तूच म्हणालीस, "आलीस." चार वर्षांनी पहिला शब्द.

मी सुनेला चहा आणायला पाठवलं. कोट तुझ्या पांघरुणावर पसरला, नर्सकडून पट्ट्या कापायची कात्री मागून आणली आणि लाल दोरा उसवायला घेतला. उजव्या हाताची कात्री, दोनदा अस्तरात भोसकलं. तू बघत होतीस. "हळू. कापड माझं आहे," म्हणालीस. श्वास पुरत नव्हता तरी म्हणालीस.

मी कागद तुझ्या हातात दिले. तू परत केलेस.

"भिंग घरी राहिलं. तू वाच."

मी म्हटलं, इथे? शेजारच्या खाटेवर एक बाई जागी आहे.

"खरं लिहिलंयस ना? मग वाच."

आणि मी वाचलं. लिहिताना वाटलं होतं की यापेक्षा अवघड काही नसेल. स्वतःच्या तोंडाने, तुझ्या उशीशी वाकून, हळू आवाजात, ती पँट, तो टॉवेल, सगळं. तू डोळे मिटून घेतले होतेस. सतरा ऑगस्टपाशी आले. ती मुलगी, तिचं पेन, मी म्हटलं नाही.

"ते परत वाच."

परत वाचलं.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा मी 'नक्की'पर्यंत पोचलेच नाही. तू डोळे उघडलेस. छताकडे बघत राहिलीस आणि तुझ्या छातीत ती घरघर. मला वाटलं, आता तू झोपून जाशील आणि मला परत सगळं सुरुवातीपासून करावं लागेल. मग तू उशाशी चाचपडून घंटेचं बटण दाबलंस.

डॉक्टर आला. आपल्या मुलांपेक्षाही लहान. तू त्याला म्हणालीस, "माझी एच.आय.व्ही.ची तपासणी करा."

"आजी, तुम्हाला कशाला ती? या वयात…"

"माझं वय मला माहीत आहे. रक्त घ्या."

तो माझ्याकडे बघायला लागला, जणू म्हातारी भ्रमात बोलते आहे आणि मी शहाणी काहीतरी सांगेन. मी म्हटलं, डॉक्टर, त्या सांगतात तसं करा. आत्ताच्या आत्ता.

त्याने नर्सला हाक मारली. तू माझ्याकडे मान वळवलीस आणि म्हणालीस, "आता तू बाहेर जा."

म्हणून बाहेर आहे. तुझी सून चहाचे दोन कप घेऊन उभी आहे, एक मला दिला. ती विचारते, आत काय चाललंय? मी म्हटलं, त्या सांगतील तुला. सहाला सगळ्यांना बाहेर काढतात. तोवर मी इथेच आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार. तोच बाक

काजबाई,

आहे. तुझ्या मुलाने सांगितलं, जिन्यात उभं राहून, माझ्याकडे न बघता. ताकदीच्या ज्या पेशी मोजतात त्या तुझ्यात अडुसष्ट उरल्यात. माझ्यात ऑगस्टमध्ये दोनशेच्या वर होत्या. अडुसष्ट, म्हणजे तुझ्या वयाइतक्या. मी डॉक्टरीणबाईंकडे धावत गेले, विचारलं, उशीर झाला का? त्या म्हणाल्या, झाला, पण फार झाला की नाही ते आत्ताच सांगता येणार नाही. आधी निमोनिया आटोक्यात येऊ दे, मग गोळ्या.

फार झाला की नाही. या एका वाक्यावर निमोनिया उतरेपर्यंतचे दिवस काढायचे.

समुपदेशनाच्या मुलीलाही भेटले. तिला सांगितलं, मी खोटं बोलले होते. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

तू निरोप पाठवलास की इकडे येऊ नको. बरोबर आहे. मी खोलीत येत नाही. पण बाक दवाखान्याचा आहे, तुझा नाही, आणि चार ते सहा तो सगळ्यांना खुला असतो.

तुझी सून आज तुझा डबा वेगळ्या पिशवीत, वेगळ्या चमच्यासकट घेऊन जात होती. तिला मी बाकावर बसवून घेतलं. म्हटलं, त्या मंगळवारी तू मला चहा दिलास, तो माझा कप तू परत नेताना हातात धरलास. मलाही तेच आहे. झालं का तुला काही? ती रडायला लागली. मग मला म्हणाली, काकू, तुम्हाला राग नाही आला माझा? मी म्हटलं, मी स्वतः टाचण्यांच्या नावाने बोंबलत होते, मी कसली रागावते.

१० नोव्हेंबर, सोमवार

काजबाई,

नऊ महिने मी तुला काही लिहिलं नाही. तुझं सुनेकडून कळत होतं. मार्चमध्ये घरी आलीस. मेमध्ये जिना चढलीस. ऑगस्टमध्ये मोजणीत दोनशे दहा, आणि विषाणू रक्तात दिसेनासा झाला. मी ऐकायचे, मान हलवायचे आणि ती गेल्यावर आत जाऊन रडायचे. माझ्याबद्दल तू काही विचारत नाहीस, तेही मी तिला विचारून घ्यायचे. दर वेळी ती म्हणायची, नाही काकू, काही नाही.

आज ती आली ती पिशवी टेबलावर दाणकन ठेवून. "कोट घट्ट होतोय त्यांना," म्हणाली. "सोडता येईल का? पण तुम्ही कापड कापलं असेल ना?"

मी म्हटलं, नाही कापलं.

तिच्यासमोर हसले नाही. तिने चहा घेतला, माझ्याच कपातून, आणि बस पकडायला गेली. मग मी दार लावून घेतलं आणि कोट बाहेर काढला. पिशवी तरी जड होती. तळाशी जुन्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. फडकं सोडलं.

माझी डावी कात्री. धार लावून आणलेली. तेलाचं बोटही पुसलेलं नव्हतं.

अंगठा घातला आणि तो बरोबर आपल्या जागी बसला. पाच वर्षांचा घट्टा आता कशाला आहे, असं वाटलं. मी उभ्याउभ्या रडले. समोरच्या दुकानात आता फोनची कव्हरं विकतात, त्यातला माणूस काचेतून बघत होता. बघू दे.

चिठ्ठी अस्तरात होती, उजव्या बगलेखाली. काळ्या दोऱ्याने, अगदी सरळ टाक्यात. अक्षर पहिल्यासारखं झालंय.

"दीड इंच सोड, जास्त नको. मी तुला माफ केलेलं नाही. ऑगस्टचं नाही. पँटचं कधीच केलं होतं. कोट मी पाठवला तो नीट व्हावा म्हणून, दुसरं काही नव्हतं. शनिवारी तुझ्या त्या दवाखान्यात गोळ्या घ्यायला येते, सून नाही, एकटी. साडेनऊला. येताना कोट घेऊन ये."

मी कोट पसरला आणि उसवायला घेतला. आत दुमडलेलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद निघालं, ऊन न लागलेलं. दीड इंच सोडला तर ती पट्टी दोन्ही बाजूंना दिसणार. इस्त्रीने जाणार नाही ती. तू बघशील, बोलशील. बोल.

अडीच इंच अजून आत आहेत. तेही कापत नाही.

हेमबाई